मामेऱ्यापायी पेन्शन

संपादकांनी बजावलं, कराच्या कामाबद्दल लिही, पण कलमं लिहू नकोस. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडणाऱ्या माणसाला कलमं नको असतात. मला सवय पत्रकांची. पत्रकात वर एक ठणकावून सांगितलेलं वाक्य असतं, खाली मागण्या, तळाला 'वाचा आणि पुढे द्या'. माणसं नसतातच. शिवाय माझी शाळा हिंदी, मराठी घरातली. त्यामुळे कुठे अडखळले तर माळव्यातली पोर म्हणून सोडून द्या.

काम सांगते. निवृत्त लोकांना, आणि निवृत्तीसाठी पैसे बाजूला ठेवणाऱ्यांना, त्या पैशावर कर कसा लागतो ते फुकट समजावून द्यायचं. देवासला एक खोली आहे, धारला झेरॉक्सच्या दुकानामागे एक टेबल. सुरुवातीला आम्ही चौघं होतो. एक पुण्याला गेला, एकीचं लग्न झालं, एकाला इंदूरला नोकरी लागली. गटाचं नाव अजून आहे. गट म्हणजे मी. आठवड्यातून दोनदा देवासहून इंदूर आणि तिथून बस बदलून धार. पिशवीत पत्रकं, डबा, आणि नालछ्याच्या बाजारात वाटून उरलेली आणखी पत्रकं.

या धंद्यात पहिली लढाई शब्दांशी. आमच्याकडे पैसे कमी आले की लोक एकच म्हणतात, 'कट गया'. पण कापणारे हात वेगवेगळे असतात. मुदतीआधी ठेव मोडली तर बँक व्याज कमी करते, ते सरकारकडे जात नाही. आगाऊ करकपात होते, ती विवरणपत्र भरलं तर परत मिळू शकते. विवरणपत्र उशिरा भरलं तर विलंबशुल्क लागतं. आणि खरा दंड वेगळाच, तो उत्पन्न लपवलं तर. एक आजोबा पासबुक आपटून मला म्हणाले होते, "बाई, बँकेने म्हातारपणाचा दंड घेतला बघ." दंड नव्हता. उत्पन्न कराच्या मर्यादेत आहे, कापू नका, असं दर वर्षी लिहून द्यायचं असतं, ते यांनी दिलं नव्हतं. आधीची वर्षं आजी द्यायच्या. आजी गेल्या होत्या.

देवासच्या कारखान्यांत वेगळीच गंमत. मशीन तेच, माणूस तोच, ठेकेदार मात्र बदलत राहतो. नवा ठेकेदार आला की भविष्यनिधीचं नवं खातं, आणि पोरं जुन्या खात्यातले पैसे काढून मोकळी होतात. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढले की ते करपात्र. जुनं खातं नव्यात वळवलं असतं तर मागची वर्षं मोजली गेली असती. हे मी फाटकाबाहेर उभी राहून ओरडून सांगितलंय. एकजण म्हणाला, "दीदी, पाच साल का कौन सोचता है, पाँच तारीख का सोचते हैं." पाच तारीख म्हणजे पगाराची. त्यावर आमचं पत्रक नाही.

आता काकांचं सांगते. नाव विनायकराव, पण धारला सगळे काकाच म्हणायचे. धारच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या ऑफिसात हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. तिथे पेन्शन नाही, म्हणून तरुणपणीच त्यांनी विमा कंपनीची पेन्शन पॉलिसी घेतली होती. हप्ते भरत राहायचे, साठीला ती पिकते, आणि मग मरेपर्यंत दर महिन्याला पैसे. यालाच ॲन्युइटी म्हणतात. हप्ते भरताना दर वर्षी त्यांनी करात सूट घेतली होती. सगळं नेमस्त. टेबलाशी यायचे ते इस्त्रीचा शर्ट घालून, आणि काम झालं तरी उठायचे नाहीत. शेजारच्या खुर्चीवर बसून पेपर वाचायचे. मी हाकलत नसे. तेवढीच सोबत, दोघांना.

एका चैत्रात ते आले आणि पेपर न उघडता म्हणाले, "पॉलिसी मोडायची आहे. कागद काय काय लागतील?"

"साठी कधी आहे तुमची?"

"भाद्रपदात."

"मग पाच-सहा महिने थांबा ना काका. कशाला मोडता?"

"लग्न अक्षय तृतीयेला आहे," ते म्हणाले.

क्षणभर मला वाटलं काकांचंच. चेहऱ्यावर दिसलं असावं. ते म्हणाले, "माझं नाही गं. भाचीचं."

काकांना बहीण आहे हे मला तेव्हा कळलं. उषाताई. इंदूरच्या कॉलेजात शिकताना देवासच्या एका माळवी मुलाशी लग्न केलं. वडिलांनी दार बंद केलं, आणि काकांनी कडी काढली नाही. वडील गेले, आई गेली, भाची शाळा-कॉलेज संपवून लग्नाची झाली, तरी कडी तशीच. आणि परवा उषाताई एकटी बसने धारला आली होती, गूळ आणि नारळ घेऊन. माळव्यात मुलीच्या लग्नाआधी बहीण असं भावाच्या दारी जाते आणि मामेऱ्याचं आवतण देते.

मामेरा ठाऊक नसलेल्यांसाठी सांगते. आपल्याकडे मामा भाचीच्या मागे उभा राहतो, फार तर आहेर करतो. इकडच्या घरांत मामा वाजतगाजत माणसं घेऊन येतो, बहिणीला चुनरी पांघरतो, आणि तिच्या सासरच्या एकूण एक माणसाला कपडे करतो. सासू, दीर, जावा, नणंदा, त्यांची पोरं. बाईचं माहेर किती जड, ते सगळ्या गल्लीसमोर त्या दिवशी तोललं जातं. काकांना आधी हे ठाऊक नव्हतं. ते म्हणाले होते, "येतो, अक्षता टाकतो." मग शेजारच्या माळवी माणसाने समजावलं, "काकासाब, खाली हाथ गए तो बहन जिंदगीभर सुनेगी."

"तिने मागितलं का काही?" मी विचारलं.

"काही नाही. पाणी प्यायली, गूळ ठेवला, गेली."

मी कागद ओढून लिहून दाखवलं. साठीपर्यंत थांबलात तर एक तृतीयांश रक्कम एकदम हातात, त्यावर कर नाही. उरलेल्याची महिन्याची पेन्शन, ती त्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरतात, तुमच्यासारख्याला कर जवळजवळ लागतच नाही. आज मोडलीत तर कंपनी स्वतःचं कापणार. वर, हप्त्यांवर सूट घेतली होती म्हणून हाती येईल ते सगळंच्या सगळं एकाच वर्षाचं उत्पन्न. ही गोष्ट करसवलत आजच्याइतकी वाढायच्या आधीची आहे. तेव्हा काका एका उडीत अशा पायरीवर जाणार होते जिथे ते आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते. आणि साठीनंतर दर महिन्याला येणारं काही उरणार नव्हतं. थोडं ठेवींचं व्याज, बस.

"सूट घेतली की मोडताना सगळ्यावर कर लागतो, हे पॉलिसी विकताना सांगितलं कुणी?" मी चिडून विचारलं.

"विकणारा फार गोड होता," काका म्हणाले. "कॅलेंडर दिलं होतं त्याने."

"काका, पुढे वीस वर्षं जगलात तर?"

"अगं, कशाला शाप देतेस."

ते हसले, मी नाही. म्हटलं, रूढी आहे, बाईच्या सासरचं पोट भरायची रूढी, आम्ही याविरुद्ध पत्रक काढलंय. त्यांनी पत्रक घेतलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंयस. कागद कधी जमा करू?"

मी आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि उषाताईला गाठायचं ठरवलं. पत्ता काकांच्या तोंडून काढून घेतला होता. देवासला टेकडीच्या अंगाला, खाली सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान, वर घर. सासू दारातच बसून गहू निवडत होत्या. मी म्हटलं, उषाजींना भेटायचंय. त्या आत बघून म्हणाल्या, "उषा, देख, तेरे पीहर की बोली वाली आई है." पीहर म्हणजे माहेर. मी हिंदीत एकच वाक्य बोलले होते, तरी त्यांनी ओळखलं होतं. कशावरून, कोण जाणे.

उषाताईने मला गच्चीवर नेलं. मी फिरवाफिरव करत नाही. म्हटलं, तुमचा भाऊ म्हातारपणाची भाकरी मोडून तुमच्या जावांना साड्या घेतोय. तुम्हाला हे चालतं का?

तिने गच्चीचं दार लोटून घेतलं. मग मराठीत बोलू लागली. शब्द शोधत, मधेच थांबत, बंद खोलीतलं सामान हलवल्यासारखं.

"मी कपडे मांगायला नाही गेली होती. मी त्याला बोलवायला गेली होती."

"तसं त्यांना सांगा मग."

"सांगून काय? तो खाली हात आला तर हे लोक त्याला बघतील. मला नाही, त्याला. अम्मा वाईट नाहीत, पण जबान अशीच आहे. आणि नाही आला तर सव्वीस वर्षं जे ऐकलं तेच अजून. पीहर वाले मर गए क्या."

मग तिने विचारलं, "दादाचं बीपी-वीपी ठीक आहे ना? जेवण कोण बनवतं?"

"स्वतःच."

"त्याला तर चहा पण येत नव्हता."

ती खाली गेली आणि दोन मोठ्या पिशव्या घेऊन वर आली. साड्या, पँट-शर्टाचे पीस, साफे, पोरांचे कपडे, आणि वर एक लाल चुनरी. काही नवं, काही वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या लग्नात मिळालेलं आणि घडी न मोडता कपाटाच्या तळाशी ठेवलेलं. इथे अनेक बायका हे करतात, मला नंतर कळलं. ज्यांचं माहेर येणार नसतं, त्या आपला मामेरा आपणच साठवतात. मग कुणाच्या तरी हाती गुपचूप माहेरी पाठवतात, म्हणजे तो माहेरून आल्यासारखा येतो. उषाताईकडे पाठवायला कुणी नव्हतं, म्हणून पिशव्या पडून होत्या.

"तू धारला जाते ना? दादाला दे," ती म्हणाली. "त्याला सांग, कपडे कोणी घेतले ते कोणाला दिसत नाही. आणणारा नसला तर सगळ्यांना दिसतो."

मी खोट्याला हात लावत नाही. विवरणपत्रात एक रुपया लपवायला आलेल्यांना मी टेबलावरून उठवलंय. त्या पिशव्या मात्र मी उचलल्या. इंदूरला बस बदलताना एक खांद्यावर, एक मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "दीदी, शादी में जा रे हो?" मी म्हटलं, "हओ भिया."

काकांनी पिशवीतली वरची साडी काढली, पुन्हा ठेवली.

"हे तिने घेतलंय?"

"तिनेच."

"म्हणजे तिचं मी तिलाच नेऊन द्यायचं. सगळ्यांसमोर. छाती काढून."

"हो. आणि पेन्शन राहते."

ते चिडले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं तिच्याकडे जायला? तुझी पत्रकं वाट ना." मग बाहेर जाऊन झेरॉक्सवाल्याशी उगाच उन्हाबद्दल बोलत राहिले. आत आले तेव्हा मी त्यांना तिचा निरोप जसाच्या तसा सांगितला. आणणारा नसला तर सगळ्यांना दिसतो. काका खुर्चीत बसले. बराच वेळ त्या लाल चुनरीच्या कडेवरून बोट फिरवत होते. शेवटी म्हणाले, "यात माझी एक साडी टाकतो. माझ्या पैशाची. तिला रंग कुठला आवडतो?"

मला कसा माहीत असणार? त्यांनाही नव्हता. बाजारातून त्यांनी बाग गावच्या छपाईची एक साडी आणली, तांबडी-काळी.

अक्षय तृतीयेला मामाकडची माणसं म्हणून आम्ही दोघं होतो. काका आणि मी. ढोलवाला एक, तो देवासच्या बसस्टँडवर ठरवला. दारात उषाताई आरतीचं ताट घेऊन उभी होती, मागे अख्खं घर आणि अर्धी गल्ली. काका पाटावर चढले. तिने कुंकू लावलं, त्यांनी चुनरी पांघरली. त्यांचा हात तिच्या खांद्यावर जरा जास्त राहिला. सासूबाई आमच्या मागे बघत होत्या, अजून कुणी येतंय का म्हणून.

"बस, दो जन?"

"दो बहुत हैं, अम्माजी," उषाताई म्हणाली.

"और ये छोरी कौन?"

"मेरे पीहर की है."

तिने मलाही कुंकू लावलं. मी जमिनीकडे बघत राहिले. कुणी मला आपल्याकडची म्हटल्याला बरेच दिवस झाले होते.

कपडे एकेक करून नाव घेऊन वाटले गेले. जावा साड्या उलगडून पदर बघत होत्या. उषाताई प्रत्येक साडीला पहिल्यांदा बघितल्यासारखं करत होती, तांबडी-काळी येईपर्यंत. ती मात्र खरीच पहिल्यांदा बघितली. सासूबाई म्हणाल्या, "मामा की पसंद अच्छी है." काका मान खाली घालून उभे होते.

लग्न लागताना त्यांनी मला हळूच विचारलं, "इकडे मामा कुठे उभा राहतो?"

"इकडे अंतरपाट नसतो काका."

"मग?"

मलाही ठाऊक नव्हतं. ते मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. फोटोत खांब आलाय, आणि त्यांचा हात.

परतताना बसमध्ये ते खिडकीशी बसले. इंदूर आल्यावर म्हणाले, "भाची आमच्या वडिलांसारखी दिसते."

पुढे पावसाळा गेला. सुरुवातीला उषाताई माझ्या फोनवर विचारायची, दादा आला होता का, बरा आहे का. मग भाचीच्या सासरचं, दुकानाचं, तिच्या मागे व्याप लागले, फोन विरळ झाले. काका टेबलाशी यायचे, पेपर वाचायचे. तिच्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

भाद्रपदात पॉलिसी पिकली. कंपनीचा अर्ज घेऊन ते आले. एक तृतीयांश काढून घ्यायचं ठरलेलंच होतं. उरलेल्या रकमेची पेन्शन कशी हवी ते लिहायचं होतं. दोन ठळक मार्ग. पहिला, तुम्ही जिवंत तोवर जास्त पेन्शन, तुमच्यानंतर काही नाही. दुसरा, महिन्याला कमी, पण तुमच्यानंतर मूळ रक्कम तुम्ही नाव दिलेल्याला.

इथे माझा जुना राग आहे, तो सांगून घेते. पहिल्या मार्गात दर महिन्याच्या पेन्शनीत तुमच्याच मुद्दलाचा तुकडा परत येत असतो. तरी कायदा पूर्ण रक्कम उत्पन्न धरतो. सूट न घेता, साठवलेल्या पैशांतून एकरकमी विकत घेतली असली तरी तसंच. आणि सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्याला पेन्शनीवर जी ठोक वजावट मिळते, ती काकांना नाही, कारण यांना पेन्शन मालक देत नाही, विमा कंपनी देते. दोघांच्या पासबुकात तेवढीच रक्कम. एकाच्या मागे सरकारी खातं उभं, एकाच्या मागे कुणी नाही. यावर मी पत्रक काढलंय, अजून दहा काढीन.

काकांना म्हटलं, "तुम्ही एकटे. पहिला घ्या. जास्त मिळतात, कराचं मी बघते."

"दुसरा लिही," ते म्हणाले.

"महिन्याला बरेच कमी होतील."

"चालेल. पोळ्या दोनच खातो."

मी काही वेळ वाद घातला. मला वाद घालता येतो. मग त्यांनी पेन काढलं आणि नाव द्यायच्या जागी स्वतःच्या हाताने उषाताईचं नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट. नातं, बहीण. जन्मतारीख त्यांना पाठ होती. पत्ता लिहिताना दोनदा थांबले, पण बरोबर लिहिला. खालच्या ओळीशी येऊन मात्र पेन अडलं. मोबाइल क्रमांक.

"तुझ्याकडे असेल ना तिचा?" ते म्हणाले.

मी फोन काढून एकेक आकडा सांगितला. ते सावकाश लिहीत गेले, लिहिलेलं वाचून दाखवलं, बरोबर आहे ना विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "तुमच्या फोनमध्ये पण घालून देऊ?"

"इथे लिहिलाय ना. मी गेल्यावर कंपनी तिला कळवेल."

"त्याच्या आधीपण लागतो तो नंबर, काका."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग खिशातून फोन काढला, चष्मा वर सरकवला आणि माझ्यापुढे धरला.